अणूंची उचलेगिरी आणि तिचा हिशेब

ज्या घरांत दाण्यादाण्याचा हिशेब ठेवण्याची चाल असते, त्या घरास शेजारीपाजारी कंजूष म्हणत असले तरी अडचणीच्या वेळीं हिशेबाची ती वही फार उपयोगीं पडते, हा अनुभव संसारी माणसांस नवा नाहीं. भौतिक शास्त्राच्या संसारांतही अशी एक वही आहे. तींतील रकमा इतक्या सूक्ष्म आणि दिसावयास इतक्या नीरस आहेत कीं, ती उघडून पाहण्याची इच्छा शास्त्राबाहेरील माणसास क्वचितच व्हावी. परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या देशांतील माणसें ती मन लावून लिहीत आलीं. आणि १९९६ सालीं एका धूमकेतूनें ज्योतिष्यांस कोड्यांत घातलें तेव्हां त्या कोड्याचें उत्तर याच वहींत सांपडलें. त्या वहीची हकीकत वाचकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

व्यवहार कोणता?

प्रथम नोंद कशाची ठेवावयाची तें पाहूं. प्रत्येक अणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेला एक जड गाभा असतो, आणि त्याच्या भोंवतीं ऋणविद्युत् असलेले हलके इलेक्ट्रॉन असतात. दोहोंची विद्युत् समसमान असल्यामुळें एकंदर अणु उदासीन राहतो. अशा अणूचा एक अथवा अधिक इलेक्ट्रॉन काढून घेतले, म्हणजे त्याच्या पदरीं धनविद्युत् जास्त उरते. अशा अपुऱ्या अणूस आयन म्हणतात. हायड्रोजनच्या अणूजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो. तो गेला कीं उरतो तो नुसता प्रोटॉन. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन गेले कीं उरतो तो आल्फा कण.

आयन हा जात्याच गरजवंत. वेगानें जात असतां वाटेंत एखादा उदासीन अणु जवळून गेला, तर त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेऊन तो पुढें चालूं लागतो. मग आयन होता तो उदासीन होतो, आणि ज्याचें नेलें तो बिचारा अणु आयन होऊन मागें राहतो. शास्त्रांत या व्यवहारास इलेक्ट्रॉनचें ग्रहण असें सभ्य नांव आहे. लोकभाषेंत त्यास उचलेगिरीच म्हणावें लागेल. पण प्रत्येक भेटींत ती घडतेच असें नाहीं. कधीं आयन कांहींएक न घेतां निघून जातो, तर कधीं इलेक्ट्रॉन अणूपासून सुटतो खरा, पण कोणाच्याच हातीं लागत नाहीं. म्हणून प्रश्न असा कीं, अमुक आयन, अमुक वेगानें, अमुक अणूंमधून गेला तर शेंकडा किती वेळां इलेक्ट्रॉन उचलील? आपल्या वहींतील प्रत्येक ओळ म्हणजे या प्रश्नाचें एकेक उत्तर होय.

पहिल्या नोंदी

या व्यवहाराची चाहूल लागली ती वेगळ्याच वाटेनें. १८८६ सालीं जर्मनींत गोल्डस्टाईन यानें विरळ वायूनें भरलेल्या कांचेच्या नळींत ऋण टोंकाच्या पत्र्यास छिद्रें पाडलीं, तेव्हां त्या छिद्रांतून मागील बाजूस प्रकाशाच्या शलाका निघालेल्या त्याला दिसल्या. या शलाकांत धनविद्युत् असलेले कण आहेत, हें १८९८ सालीं विल्हेल्म वीन यानें चुंबकाच्या साहाय्यानें त्यांस वांकवून सिद्ध केलें. पुढें वीन यास एक चमत्कारिक गोष्ट आढळली. चुंबकानें सर्व विद्युत्-युक्त कण बाजूस सारल्यावर जो उदासीन झोत सरळ पुढें जाई, त्यांत थोड्या अंतरानें पुन्हां विद्युत्-युक्त कण सांपडत. याचा अर्थ, वाटेंतील वायूशीं या कणांची देवघेव अखंड चालू होती. एका टकरींत मिळविलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टकरींत जात होता.

हेंच दृश्य १९२२ सालीं केंब्रिज येथें जी. एच. हेंडरसन या कॅनडाहून आलेल्या तरुण संशोधकानें अधिक स्पष्ट केलें. रेडियमपासून निघणारे आल्फा कण अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांतून जाऊं देऊन त्यानें त्यांचा वेग कमी केला, आणि मग निर्वात पेटींत चुंबकाच्या प्रभावाखालून त्यांस फोटोच्या कांचेवर पाडलें. कांचेवर एकाच ठिकाणीं एक रेघ यावयाची, तिच्याऐवजीं दोन आल्या. एक रेघ दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेल्या कणांची, दुसरी ज्यांनीं अभ्रकांतून जातांना एक इलेक्ट्रॉन उचलला होता त्यांची. रदरफोर्ड यास ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटली कीं, त्यानें स्वतः प्रयोग करून १९२४ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. सेकंदास सुमारें १९ हजार किलोमीटर वेगानें निघालेला आल्फा कण हवेंत जेमतेम सात सेंटिमीटर अंतर कापून थांबतो. तेवढ्या प्रवासांत, विशेषतः शेवटच्या टप्प्यांत, तो इलेक्ट्रॉन शेंकडों वेळां घेतो आणि गमावतो, असें त्यावरून दिसून आलें.

वाट्या आणि पाऊस

परंतु व्यवहार घडतो हें कळणें निराळें, आणि तो किती घडतो हें आंकड्यांत सांगणें निराळें. अणु डोळ्यांस दिसत नाहीं. मग त्याचें मोजमाप करावें कसें? येथें एक घरगुती दृष्टान्त उपयोगीं पडेल.

अंधाऱ्या रात्रीं अंगणांत कांहीं वाट्या मांडून ठेवल्या आहेत, आणि पाऊस सर्वत्र सारखा पडत आहे अशी कल्पना करा. वाट्या आपणांस दिसत नाहींत. तथापि अंगण किती मोठें आहे, वाट्या किती आहेत, आणि अंगणांत पडलेल्या शंभर थेंबांपैकीं किती थेंब वाट्यांत गेले एवढें कोणी सांगितलें, तर एका वाटीचें तोंड किती मोठें असलें पाहिजे हें घरांत बसून सांगतां येईल. आयनांचा झोत हा आपला पाऊस, आणि वायूचे अणु या आपल्या वाट्या. जो आयन वाटींत पडला त्यानें इलेक्ट्रॉन उचलला असें समजावयाचें. अशा रीतीनें या काल्पनिक वाटीच्या तोंडाचें जें क्षेत्रफळ निघतें, त्यास आपण ग्रहणक्षेत्र म्हणूं. मात्र हें अणूच्या शरीराचें माप नव्हे. ती एका विशिष्ट घटनेच्या संभवाची खूण आहे. तोच अणु एका आयनास परातीएवढा मोठा, तर दुसऱ्यास सुईच्या नेढ्याएवढा भासूं शकतो.

प्रत्यक्ष मांडणी तत्त्वतः सोपी आहे. एका टोंकास आयन निर्माण करावयाचे, विद्युत्-दाबानें त्यांस ठराविक वेग द्यावयाचा, आणि चुंबकानें हवे तेवढेच निवडून त्यांचा बारीक झोत वायूनें भरलेल्या एका लहान कोठडींतून पाठवावयाचा. कोठडीच्या पलीकडे विद्युत्-क्षेत्र ठेवलें, म्हणजे जे आयन रिकाम्या हातीं आले ते बाजूस वळतात, आणि जे इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन झाले ते सरळ जातात. दोन्ही वाटांवर पहारेकरी बसवून मोजणी केली कीं झालें.

उदाहरणार्थ, कोठडी दहा सेंटिमीटर लांब आहे आणि तींतील वायूचा दाब पाऱ्याच्या एक मिलिमीटराच्या दहाहजाराव्या भागाएवढा आहे असें समजूं. नेहमींच्या हवेच्या मानानें ही पोकळीच होय. तरी तिच्या प्रत्येक घन सेंटिमीटरांत सुमारें सव्वातीन लाख कोटी अणु असतात. एका चौरस सेंटिमीटराचे, एकावर पंधरा शून्यें मांडून होईल इतके भाग केले, आणि त्यांतील एका भागाएवढें ग्रहणक्षेत्र धरलें, तर शंभर आयनांपैकीं सुमारें तीन आयन इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर पडतील. दाब याहून फार वाढविला तर घेतलेला इलेक्ट्रॉन त्याच कोठडींत पुन्हां गमावण्याची भीति असते. म्हणून दाब थोडथोडा वाढवीत जाऊन प्रत्येक वेळीं मोजणी करतात. दाब आणि उदासीन कण सारख्या प्रमाणांत वाढत आहेत तोंवरच प्रत्येक आयनाची टक्कर एकदांच झाली असें मानतां येतें.

हायड्रोजनच्या बाबतींत आणखी एक पेंच असतो. त्या वायूचे अणु नेहमीं जोडीजोडीनें राहतात. एकेकट्या अणूवर प्रयोग करावयाचा तर टंगस्टन धातूची नळी पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवून तींत या जोड्या फोडाव्या लागतात. आणि त्यांतील किती फुटल्या, किती राहिल्या, याचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो.

मापांतच खोट

मोजणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी कोठडींत वाट्या किती आहेत हें चुकीचें धरलें तर सर्वच उत्तर चुकावयाचें. म्हणजे सारी भिस्त वायूचा दाब मोजण्यावर. यासाठीं अनेक दशकें मॅक्लिऑड यानें १८७४ सालीं योजिलेलें साधन प्रमाण मानलें जात असे. त्यांत पारा वर चढवून विरळ वायूचा मोठा सांठा एका बारीक नळींत दाबून बसवितात. दाबलेल्या वायूचा दाब पाऱ्याच्या उंचीवरून वाचतां येतो, आणि त्यावरून मूळचा दाब काढतात. इतर सर्व दाबमापकें याच साधनाशीं ताडून पाहत असत. गांवांतील सर्व घड्याळें एकाच घड्याळावरून लावावीं, तसाच हा प्रकार होता.

परंतु पाऱ्याची वाफ प्रयोगाच्या कोठडींत शिरूं नये म्हणून मधल्या नळीस अतिशय थंड ठेवावें लागे. साधनांतून निघालेली पाऱ्याची वाफ या थंड भागाकडे सारखी वाहत जाई, आणि जातांना वायूचे कांहीं कण आपल्याबरोबर ओढून नेई. त्यामुळें साधनांत दाब दिसे तो कोठडींतील खऱ्या दाबापेक्षां कमी. गेड या जर्मन शास्त्रज्ञानें १९१५ सालींच ही गोष्ट दाखवून दिली होती. पण पुढें तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष राहिलें नाहीं. १९६१ सालीं इशी व नाकायामा या जपानी संशोधकांनीं तिचें महत्त्व पुन्हां पटवून दिलें, तेव्हां मोठी खळबळ उडाली. हलक्या वायूंत ही चूक थोडी होती; परंतु जड वायूंत ती शेंकडा दहाच्या घरांत आणि कधीं त्याहूनही अधिक भरूं लागली. वाट्या कमी धरल्या गेल्या, म्हणून प्रत्येक वाटी वास्तविक होती त्याहून मोठी मानली गेली होती. वहींतील कितीएक जुन्या ओळी त्यामुळें पुन्हां तपासाव्या लागल्या. या तपासणींत कोणाची चोरी उघडकीस आली नाहीं, कोणास मानपत्रही मिळालें नाहीं. पण वही विश्वासास पात्र झाली ती अशा कष्टांनींच.

वेगाचें गणित

अशा शेंकडों मोजण्यांतून एक गोष्ट ठळकपणें दिसून येते. आयनाचा वेग अणूंतील इलेक्ट्रॉनच्या वेगाहून कमी असेल, तोंवर ग्रहण सुलभ असतें. तो त्याहून वाढला कीं ग्रहण झपाट्यानें दुर्मिळ होतें. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदास सुमारें २,२०० किलोमीटर आहे, आणि प्रोटॉनास तेवढा वेग यावयास सुमारें २५ हजार व्होल्टांचा दाब लागतो. एक हजार व्होल्टांवर जें ग्रहणक्षेत्र असतें, तें एक लाख व्होल्टांवर जवळजवळ शंभरपटीनें घटतें. याचें कारण उघड आहे. धांवत्या टांग्यांत बसूं इच्छिणाऱ्या माणसास निदान क्षणभर टांग्याच्या वेगानें धांवावें लागतें. टांगा फारच भरधांव असला तर तें कसें साधावें?

यावर एल. एच. थॉमस या केंब्रिजच्या गणितज्ञानें १९२७ सालीं एक मोठी मौजेची युक्ति सुचविली. कॅरमच्या पटावर सोंगटी एकीवर आपटून दुसरीकडे वळते, तसें येथेंही घडूं शकेल असें त्याचें म्हणणें. वेगवान प्रोटॉन इलेक्ट्रॉनला असा धक्का देतो कीं, तो साठ अंशांच्या कोनांत, प्रोटॉनच्याच वेगानें, आपल्या अणूच्या गाभ्याकडे फेंकला जातो. गाभ्यावर आदळून तो पुन्हां साठ अंश वळतो. आणि आतां प्रोटॉनची व त्याची दिशा एक, वेगही एक. मग दोघांनीं बरोबर निघून जाण्यास अडचण कसली? हें खरें असेल, तर या खटपटींत प्रोटॉन स्वतःही किंचित् वळला पाहिजे, आणि तो कोन आधींच सांगतां येतो: एक किलोमीटर अंतर गेल्यावर वाट सुमारें ४७ सेंटिमीटर चुकावी, इतका.

एवढा सूक्ष्म कोन, आणि तोही अत्यंत विरळा घडणाऱ्या घटनेंत, पाहावयाचा कसा? थॉमसच्या निबंधानंतर ५६ वर्षें लोटलीं. १९८३ सालीं डेन्मार्कमधील हॉर्सडाल-पेडरसन, आणि अमेरिकेंतील कॉक व स्टॉक्ली, यांनीं कांहीं दशलक्ष व्होल्टांच्या प्रोटॉनांचा अत्यंत बारीक झोत हेलियममधून पाठवून उदासीन होऊन आलेल्या अणूंची कोनवार मोजणी केली. आणि थॉमसनें सांगितलेल्या नेमक्या कोनावर उंचवटा दिसून आला.

धूमकेतूचें कोडें

इथवर वाचल्यावर कोणी विचारील कीं, हें सर्व खरें, पण याचा उपयोग काय? आतां त्या धूमकेतूकडे वळूं.

३० जानेवारी १९९६ रोजीं युजी ह्याकुताके या जपानी हौशी निरीक्षकास मोठ्या दुर्बिणींतून एक नवा धूमकेतु दिसला. मार्चच्या २५ तारखेस तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरांवर आला. २७ मार्च रोजीं रोसाट या जर्मन उपग्रहावरील क्ष-किरणांची दुर्बीण त्याच्याकडे वळविण्यांत आली. फारसें कांहीं दिसेल अशी अपेक्षा नव्हती. कारण क्ष-किरण निघावयास लाखों अंश तापलेला वायु लागतो, आणि धूमकेतु म्हणजे बर्फ व धूळ यांचा थंडगार गोळा. परंतु दुर्बिणींत धूमकेतूच्या सूर्याकडील अंगास चंद्रकोरीच्या आकाराचा क्ष-किरणांचा लखलखाट दिसला, आणि तोही अंदाजाच्या सुमारें शंभरपट! बर्फाच्या घरांत ही भट्टी कोणी पेटविली?

निरनिराळीं अनुमानें पुढें आलीं. १९९७ सालीं कॅन्सस विद्यापीठांतील टॉमस क्रेव्हन्स यानें जें उत्तर मांडलें, तें आपल्या वहींतील होतें. सूर्यापासून सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर वेगानें कणांचा वारा सतत वाहत असतो. त्यांत बहुतेक प्रोटॉन असतात. परंतु हजारांत एखादा कण ऑक्सिजन, कार्बन यांसारख्या जड मूलद्रव्याचा, आणि सूर्याच्या उष्णतेनें सहा-सात इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. असा पराकाष्ठेचा भुकेला आयन धूमकेतूभोंवतालच्या थंड वाफेंत शिरतांच तेथील रेणूंचा इलेक्ट्रॉन उचलतो. तो प्रथम आयनाच्या बाहेरच्या मजल्यावर येतो आणि मग जिना उतरावा तसा आंत येतो. उतरतांना जी शक्ति मोकळी होते ती क्ष-किरणांच्या रूपानें बाहेर पडते. उष्णता धूमकेतूची नव्हेच. ती सूर्याची, आयनांनीं बरोबर वाहून आणलेली. आयन सूर्याच्या बाजूनें येतात आणि आंत शिरतांच खर्ची पडतात, म्हणून कोरही त्याच बाजूस.

ही कल्पना सुंदर खरी, पण ती पुरेशी आहे कीं नाहीं हें ठरविणार कोण? येथें आंकड्यांची गरज. प्रयोगशाळांतील मोजणीवरून अशा आयनांचें ग्रहणक्षेत्र प्रोटॉनांच्या मानानें कित्येक पट मोठें असतें हें ठाऊक होतें. तें घालून हिशेब केला तेव्हां दिसलेल्या प्रकाशाचा मेळ बसला. पुढें २००० सालीं चंद्रा या अमेरिकन उपग्रहानें लिनिअर नांवाच्या दुसऱ्या एका धूमकेतूच्या प्रकाशांत ऑक्सिजनच्या आयनांच्या ठराविक रेषा पाहिल्या, आणि २००३ सालीं अमेरिकेंतील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेंत तसेच आयन व तसेच वायु एकत्र आणून धूमकेतूचा हा प्रकाश जमिनीवर निर्माण करण्यांत आला.

त्याबरोबर आणखी एक जुनें कोडें सुटलें. रोसाटनें सर्व आकाशाची पाहणी केली होती, तींत क्ष-किरणांचा मंद प्रकाश कांहीं दिवस वाढे व पुन्हां कमी होई. पृथ्वीभोंवतालचे व ग्रहांच्या मधील पोकळींतले विरळ अणु सूर्याच्या वाऱ्यास तोंड देतात, तेथेंही हीच उचलेगिरी चालते. डिसेंबर २०१२ मध्यें उडविलेल्या एका अग्निबाणाच्या निरीक्षणांवरून २०१४ सालीं असें ठरलें कीं, आकाशगंगेच्या पातळींत दिसणाऱ्या सौम्य क्ष-किरणांपैकीं शेंकडा सुमारें ४० हे या आपल्या अंगणांतील व्यवहाराचे, आणि बाकीचेच दूरच्या तप्त वायूचे होत.

जमिनीवरचा उपयोग

सूर्यांत चालणारी अणूंच्या मीलनाची क्रिया पृथ्वीवर घडवून आणण्याच्या खटपटींतही ही वही पदोपदीं चाळावी लागते. तेथील अतितप्त वायु चुंबकाच्या अदृश्य भिंतींत कोंडलेला असतो. त्यास बाहेरून उष्णता द्यावयाची तर वेगवान कण आंत सोडले पाहिजेत. परंतु आयनांस ही भिंत ओलांडतां येत नाहीं. म्हणून आयनांस आधीं वेग देतात, मग वायूच्या कोठडींत त्यांस इलेक्ट्रॉन उचलूं देऊन उदासीन करतात, आणि असे अणु भिंतींतून सुखानें आंत जातात. मात्र फार मोठ्या वेगास ग्रहण जवळजवळ बंदच पडतें, हें वहीनें आधींच सांगून ठेविलें आहे. त्यामुळें फ्रान्समध्यें उभारण्यांत येत असलेल्या ईटर यंत्रासाठीं दहा लाख व्होल्टांचे झोत योजतांना धन आयनांचा मार्ग सोडून, एक इलेक्ट्रॉन जास्त असलेले ऋण आयन वापरण्याचें ठरलें. त्यांचा जादा इलेक्ट्रॉन काढून टाकणें त्या मानानें सोपें. कोट्यवधि रुपयांच्या यंत्राची दिशा अशा एका आलेखानें ठरली.

याच यंत्राचा, एक लाख व्होल्टांचा, परीक्षणासाठीं वापरावयाचा झोत पुरविण्याचें काम भारताकडे असून तें गांधीनगर येथील संस्थेंत चालतें. त्या झोतांतील हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन आंतील हेलियमच्या आयनांनीं उचलले कीं प्रकाश निघतो, आणि त्यावरून भट्टींत हेलियमची राख किती सांचली तें कळतें. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही आयन व अणु यांच्या टकरींचें मापन होत आलें आहे.

वही अद्याप पुरी झालेली नाहीं. २०२३ सालीं जपाननें सोडलेला क्रिझम हा उपग्रह क्ष-किरणांच्या रेषा पूर्वींपेक्षां कितीतरी बारकाईनें वेगळ्या करूं शकतो. त्या ओळखावयाच्या तर निव्वळ ग्रहण किती होतें एवढें कळून भागत नाहीं, तर उचललेला इलेक्ट्रॉन नेमका कोणत्या मजल्यावर उतरला हेंही कळावें लागतें. आयनांचे प्रकार अनेक, अणु-रेणूंचे प्रकार अनेक, आणि प्रत्येक जोडीस वेगवेगळे वेग. बऱ्याच ओळी अजून कोऱ्या आहेत. गोल्डस्टाईनच्या छिद्रांतून शलाका बाहेर पडल्या तेव्हां कोणास धूमकेतूची आठवण झाली नव्हती, आणि दाबमापकांतील पाऱ्याची खोट शोधणाऱ्यांस आकाशाच्या प्रकाशाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. आपल्यापुढची रक्कम खरी लिहावी एवढेंच त्यांनीं पाहिलें, आणि तीच रक्कम ह्याकुताकेच्या वर्षीं कामास आली.